निळ्या रंगाला भुललो: विमानाचं म्हणून घेतलेलं तेल

पैसे गेले, त्याचं दुःख आता बोथट झालंय. पण ते कॅन मी ज्या खोलीत ठेवले होते तिच्या भिंतीला लागून आईचं देवघर आहे. तिथे रोज दिवेलागणीला निरांजन लागतं. हे आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो, म्हणून सगळं लिहून काढतोय.

आम्ही पारोळा-अमळनेरकडचे सहा जण रिमोटवरची मॉडेल विमानं उडवतो. कापूस निघाला, पऱ्हाट्या उपटल्या की नानांचं वावर आमची धावपट्टी. इंजिनं पेट्रोलवरची, टू-स्ट्रोक, तीस-पस्तीस सीसीची. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून आमचा एक त्रास वाढला होता. आमचं इंजिन महिन्यातून दोनदा चालतं, उरलेले दिवस तेल डब्यात पडून राहतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, पुरेसं पाणी शिरलं की ते पाण्यासकट खाली बसतं, आणि कार्ब्युरेटरमधले रबरी पडदे कडक होतात. विमानाच्या पेट्रोलात, म्हणजे ॲव्हगॅसमध्ये, इथेनॉल नसतं आणि नीट ठेवलं तर ते वर्षभर टिकतं, हे आम्ही वाचलेलं होतं. त्यामुळे आमच्या मनात हाव आधीपासूनच होती. फसवणाऱ्याला फक्त ती ओळखायची होती.

मार्चमधल्या एका रविवारी तो माणूस वावराच्या बांधावर येऊन उभा राहिला. तासभर कौतुकाने बघत होता. मग म्हणाला, "भाऊ, एवढ्या भारी इंजिनात पंपावरचं पेट्रोल टाकता? मी धावपट्टीवर तेल भरायच्या कामाला आहे. पिंपाच्या तळाशी उरतं ते टाकूनच द्यायचा नियम आहे. तुम्हाला आणून देऊ का?" त्याला 'शंभर एलएल' (१०० लो लेड) हे ॲव्हगॅसच्या जातीचं नाव माहीत होतं. हे तेल आता आपल्या शेजारी बडोद्यालाच बनतं, असंही म्हणाला. घरी येऊन मी शोधलं, तर खरंच, २०२२ पासून बडोद्याजवळच्या गुजरात रिफायनरीत ॲव्हगॅस बनायला लागलंय. तिथेच माझा विश्वास बसला. एक गोष्ट खरी निघाली म्हणून बाकीच्याही खऱ्या असतील, असं मी धरून चाललो.

पुढच्या रविवारी त्याने वीस-वीस लिटरचे दोन प्लास्टिक कॅन आणले. झाकण उघडलं, तेल निळं! ॲव्हगॅस निळंच असतं. २३० रुपये लिटरने ९,२०० रुपये मी जागेवर दिले. सगळ्यांनी मिळून सीलबंद पिंपासाठी २५,००० रुपये ॲडव्हान्स फोनवरून पाठवले. मी सहज विचारलं, "हे ठेवायचं कसं?" तो म्हणाला, "काही काळजी करू नका. विमानाचं तेल असं पटकन पेटत नाही. घरात ठेवा, प्लास्टिकमध्ये चालतं."

त्याचं हे वाक्य मला पैशांपेक्षा जास्त महाग पडलं असतं.

विमानाचं तेल दोन जातींचं असतं. मोठ्या जेट विमानांत जातं ते एटीएफ, ती रॉकेलचीच सुधारलेली जात. ३८ अंश किंवा त्याहून जास्त तापमानाला तिची पेटण्याजोगी वाफ होते. पिस्टन इंजिनाच्या लहान विमानांत जातं ते ॲव्हगॅस, ते पेट्रोलच. त्याची वाफ शून्याच्या कितीतरी खाली, गोठवणाऱ्या थंडीतही पेट घेते. 'पटकन पेटत नाही' हे फार तर एटीएफबद्दल म्हणता येईल, आणि तेही थंड प्रदेशात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा बंद खोलीतलं एटीएफसुद्धा निर्धोक राहत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, फरशीवरून सरपटत दाराच्या फटीतून पलीकडे जाते. पलीकडे निरांजन असेल, गॅसची शेगडी असेल, फ्रिज चालू-बंद होताना उडणारी ठिणगी असेल, तिला काहीही पुरतं.

आखाजीच्या आठ दिवस आधी आई म्हणाली, "कसला वास येतोय रे? डोकं चढलंय माझं." खोली उघडली तर दोन्ही कॅन फुगून गोल झालेले. मी घाईत झाकण सैल केलं आणि फुस्स करून वाफ तोंडावर आली. तेवढ्या क्षणी कोणी दिव्याचं बटण दाबलं असतं, तरी माझ्या हातून आज हे लिहिणं झालं नसतं. आईला अंगणात नेलं, मेन स्विच आधी बंद होता का नव्हता तेही आठवत नाही. अंधारातच कॅन उचलून खळ्यावरच्या पत्र्याच्या शेडबाहेर, कडुनिंबाच्या सावलीत ठेवले.

त्याच आठवड्यात विमान पडलं. इंजिन आधीपासून चालू व्हायला त्रास देत होतं, पांढरा धूर सोडत होतं. ऑइलचं प्रमाण चुकलं असेल, असं आम्हाला वाटलं. चौथ्या मिनिटाला वर असतानाच ते ठोकायला लागलं आणि जाम झालं. धुळ्याच्या मेकॅनिकने पिस्टन काढून दाखवला, कडेला ओरखडे. मग त्याने कॅनमधलं तेल हुंगलं, एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकला आणि दुसरा थेंब स्वतःच्या गाडीच्या पेट्रोलचा, शेजारी. दोनेक मिनिटांत पेट्रोलचा थेंब उडून गेला. आमच्या थेंबाभोवती तेलकट, आरपार दिसणारं कडं तसंच राहिलं. तो म्हणाला, "दादा, हाई इमाननं तेल नही. यामा रेशननं रॉकेल शे."

रेशनच्या रॉकेलला भेसळ ओळखू यावी म्हणून निळा रंग घालतात. लहानपणी मी स्वतः रेशनच्या रांगेत उभा राहून ते आणलंय, स्टोव्हमध्ये ओतलंय. तो निळा रंग माझ्या ओळखीचा होता, तरी त्या दिवशी बांधावर मला तो आठवला नाही.

खऱ्या ॲव्हगॅसचा थेंबही कागदावर फिकट निळी खूण सोडतो, पण ती कोरडी असते, बोटाला तेलकट लागत नाही. वजनही करून बघता येतं. एक लिटर ॲव्हगॅस ७०० ग्रॅमच्या थोडं वर भरतं, रॉकेल ८०० च्या आसपास. आमचं ७६५ भरलं. नुसत्या वजनावर मात्र जाऊ नका. साधं पेट्रोलही ७२० ते ७७५ च्या मध्ये कुठेही असू शकतं. कागद आणि वजन दोन्ही बघा. आणि मुळात ॲव्हगॅस असं बांधावर कॅनमधून कोणी विकत नाही. ते सीलबंद पिंपातून, त्या बॅचच्या गुणवत्ता दाखल्यासह फ्लाइंग क्लबला जातं. दाखला मागितल्यावर त्याने 'पुढच्या खेपेला' म्हटलं होतं, तिथेच थांबायला हवं होतं.

ते खरं निघालं असतं तरी ठेवण्याची माझी पद्धत चूकच होती. पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, तेही २५ लिटरपर्यंतच्या घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात. माझ्याकडे ४० लिटर होतं, प्लास्टिकमध्ये. आता आम्ही पंपावरचंच पेट्रोल पाच लिटरच्या धातूच्या डब्यात आणतो, काठोकाठ भरत नाही, फुगायला जागा सोडतो. डबा भरताना तो जमिनीवर ठेवतो, गाडीच्या रबरी चटईवर नाही, कारण घर्षणाची वीज तिथेच साठते. त्यावर तारीख लिहितो आणि महिन्यात संपवतो. ॲव्हगॅसच्या नावातला 'लो लेड', म्हणजे कमी शिसं, हा शब्दही भुलवणारा आहे. त्यात लिटरमागे अर्ध्या ग्रॅमच्या थोडं वरपर्यंत शिसं असतं, जे आपल्या गाड्यांच्या पेट्रोलातून २००० सालीच काढून टाकलं. आपल्याकडे नळी तोंडाने ओढून तेल काढायची सवय आहे. ती साध्या पेट्रोललाही वाईट, याला तर अजिबात नको. हातही त्याने धुऊ नका.

तक्रार करायला मी अकरा दिवस लावले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा पैसे खात्यातून केव्हाच काढून घेतलेले होते, त्या माणसाचा नंबर बंद. अकरा दिवस का? पोलिसांनी पहिलाच प्रश्न 'एवढं तेल घरात कसं?' असा केला तर काय सांगायचं, याची लाज वाटत होती. ठाण्यात तो प्रश्न आलाही. मी खरं सांगितलं, त्यांनी तक्रार घेतली. आपण गप्प बसू हे त्या माणसाने आधीच धरलेलं असतं, त्यामुळे पहिल्या तासातच फोन करा.

परवा चोपड्याच्या एका मित्राचा फोन आला. त्याच्याकडे जुनी राजदूत आहे, आणि 'धावपट्टीवर कामाला' असलेला एक माणूस निळं तेल घेऊन येतोय म्हणाला. मी म्हटलं, पैसे देऊ नकोस, आधी एक थेंब कागदावर टाक. रात्री त्याने फोटो पाठवला. मध्ये निळा डाग, आणि भोवती तेच तेलकट कडं.