घरगुती रेडॉन मीटर : देगलूर-बिलोलीकडं घ्यायला हरकत नाही

रेडॉन म्हणजे जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा किरणोत्सारी वायू, बंद जागेत साठतो. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टवर, त्यात युरेनियम कमी. पण देगलूर-बिलोलीकडं खाली ग्रॅनाइट आहे. तिथं तळघर किंवा कायम बंद खोली असेल तर बॅटरीवरचा डिजिटल मीटर कामाचा. वरच्या हवेशीर घराला मात्र पैसे वाया.

मीटर जमिनीपासून दीड-दोन फूट वर, खिडकी-दारापासून तीन फूट लांब ठेवा. दारं-खिडक्या आधी 12 तास बंद. पहिल्या दिवसाचा आकडा सोडून द्या, आठवड्याची सरासरी धरा. खिडकीतला कूलर चालू असेल तर बाहेरची हवा आत येते नि आकडा खोटाच कमी दिसतो. उन्हाळ्यातल्या मापावर म्हणूनच विसंबू नका. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भ पातळी 100 बेकरेल (किरणोत्साराचं एकक) प्रति घनमीटर. ते जमत नसेल तर कमाल 300.

आकडा जास्त आला की लोक आधी एक्झॉस्ट फॅन बसवतात. तिथंच चुकतं! बंद तळघरात हवेचा दाब घटतो आणि फॅन जमिनीतलाच वायू ओढून घेतो. फॅन उलटा लावा, बाहेरची हवा आत ढकलणारा. काळ्या मातीच्या हालचालीनं भिंत-फरशीचा सांधा उघडतो, तिथूनही वायू आत येतो. तो खरवडून पीयू (पॉलियुरेथेन, लवचिक) सीलंटनं भरा. नुसतं सिमेंट पुन्हा तडकतं.

मीटरची उणीव एकच: आकडा फार सावकाश बदलतो.