कोल्हापुरातली तीन संग्रहालयं: आधी टाउन हॉल, मग कणेरी, मग राजारामपुरी

कोल्हापूरला आलेला पाहुणा अंबाबाईचं दर्शन घेतो, रंकाळ्यावर फिरतो, तांबडा-पांढरा ओरपतो, पन्हाळ्यावर जाऊन येतो आणि घरची वाट धरतो. माझं माहेर गगनबावड्याकडचं आणि सासर कोल्हापुरात. घरी कुणीही आलं की मी त्यांना आधी टाउन हॉलच्या संग्रहालयात नेते. आपला डोंगराळ मुलुख समजून घ्यायचा असेल तर सुरुवात इथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

सीपीआर दवाखान्यासमोरच्या बागेत ही गॉथिक धाटणीची इमारत उभी आहे. बांधकाम १८७२ ते १८७६ या काळातलं. उंच निमुळते मनोरे, टोकदार कमानी, बाहेर तोफा. आत शिरलं की बाजारातला गोंगाट मागेच राहतो. संग्रहालय १९४६ साली सुरू झालं ते ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, नंतर १९४९ मध्ये इथं आलं. ही ब्रह्मपुरी म्हणजे पंचगंगेच्या काठची टेकडी. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तिथं उत्खनन केलं आणि सातवाहन काळातलं गाव मातीखालून वर आलं.

तिथल्याच ऐवजातला पोसायडन बघायला मी पुन्हा पुन्हा जाते. पोसायडन हा ग्रीकांचा समुद्रदेव. मूर्ती कांस्याची, रोमन जगातून आलेली, वीतभरही उंच नसेल. तिच्यासमोर घाई करू नका. दाढीच्या बटा बघा, पोटाचे स्नायू बघा, अंगाचा भार एका पायावर टाकून उभं राहण्याची ढब बघा. एक हात असा उचललाय की त्यात काहीतरी धरलेलं असणार हे लगेच कळतं, पण त्रिशूळ आता उरलेला नाही. इतक्या लहान अंगात एवढा डौल भरणारा कारागीर कोण होता, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

समुद्रदेव आणि कोल्हापूर! इथून समुद्र म्हणजे आधी सह्याद्री उतरायचा, मग अख्खं कोकण ओलांडायचं. म्हणजे हा देव जहाजातून पश्चिम किनाऱ्यावरच्या कुठल्यातरी बंदरात उतरला असणार आणि तिथून कुणाच्या तरी गाठोड्यात घाट चढून वर आला असणार. माझ्या माहेरी म्हातारी माणसं सांगायची, मीठ, सुकी मासळी आणि नारळ बैलांच्या पाठीवर खालून वर यायचे आणि इथला गूळ, मिरची खाली जायची. मूर्तीसमोर उभं राहिलं की त्या गोष्टींना एकदम दोन हजार वर्षांची खोली येते. ज्या करूळ-भुईबावडा घाटांच्या वळणांवर आपण एसटीत पोट धरून बसतो, त्याच डोंगररांगेतून कुठूनतरी हा माल चढत होता.

नाण्यांचंही तसंच. ब्रह्मपुरीवर कुर घराण्याच्या राजांची शिशाची नाणी सापडली. त्यांच्या एका बाजूला धनुष्यबाण असतो आणि ब्राह्मी अक्षरांत विळिवायकुर, सिवलकुर अशी नावं. रोमन जगात, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात, लिहिणाऱ्या टॉलेमीच्या भूगोलात बालेओकुरोस नावाचा राजा येतो, तो हाच विळिवायकुर असावा असं अभ्यासक मानतात. आपल्या पंचगंगेकाठच्या राजाचं नाव तिकडे अलेक्झांड्रियापर्यंत पोचलं होतं, ही गोष्ट कोल्हापूरच्या प्रत्येक शाळेत सांगायला हवी.

चित्रांच्या दालनात आबालाल रहमान यांच्यासाठी वेळ ठेवा. राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभलेला हा चित्रकार रंकाळा आणि कोटीतीर्थ या तळ्यांच्या काठी बसून चित्रं काढायचा. १९२२ साली महाराज गेल्यावर त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटीतीर्थात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. ते मनात ठेवून समोरचं पाणी, झाडं, सकाळचा उजेड बघितला की जे उरलंय त्याची किंमत कळते.

आता कणेरी. हायवेवर गोकुळ शिरगावजवळ वळलं की कणेरी मठ आणि तिथलं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय. लोक याला सर्रास वॅक्स म्युझियम म्हणतात, पण पुतळे मेणाचे नाहीत, सिमेंटचे आहेत. माणसाच्या उंचीचे, उघड्यावर मांडलेले. बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, शेतातली कामं, घरातली कामं, सगळं गाव उभं केलंय. मठाधिपती काडसिद्धेश्वर स्वामींची ही कल्पना. पसारा मोठा आहे, चालावं लागतं, टोपी आणि पाण्याची बाटली न्याच.

इथं एकटं जाऊ नका. मी आत्तींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, घेऊन गेले होते आणि त्या लोहारापाशी ज्या थांबल्या त्या हलेनात. मला फक्त भाता, ऐरण, हातोडी दिसत होती. आत्ती म्हणाल्या, "आमच्या गावात घण लोहारीण मारायची बघ. त्यो सांडशीनं लोखंड धरायचा आन् ल्हान हातोडीनं ठोकून जागा दावायचा. तिथंच घण पडाय पायजे. पोटुशी असली तरी मारायची." मग विळे पाजवून घ्यायला बायका कशा रांग लावायच्या, पैसे कुणाकडेच नसायचे, सुगीला खळ्यावर भाताच्या पेंढ्या कशा मोजून दिल्या जायच्या, कुणाला किती, हे सगळं निघालं. शेजारी एका शाळेची सहल होती. पोरं सेल्फी सोडून आत्तींभोवती जमली. एकीनं विचारलं, "आजी, लोहार रुसला तर?" आत्ती म्हणाल्या, "मग कापणी कशानं करशील बाळा?"

पुतळ्यांचं काम डोळ्यात भरण्यासारखं आहे. हाताच्या शिरा, धोतराचा काचा, म्हाताऱ्यांच्या गळ्याची लोंबती कातडी, सगळं बारकाईने केलेलं. पहाटे फिरणारा वासुदेव बघून माझ्या मुलाला तो कोण हे समजावताना माझाच गळा दाटून आला. मुलांना मात्र बलुतेदारीची दुसरी बाजूही आपण सांगायची. कुणाचं काम मानाचं, कुणाचं काम वेठीचं, आणि ते जन्मानंच ठरायचं. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतन, म्हणजे महारांच्या माथी पिढ्यानपिढ्या गावकाम मारणारं वतन, रद्द केलं ते याच व्यवस्थेचा काच सोडवायला. म्हणून कणेरी झाल्यावर दुसऱ्या एखाद्या दिवशी कसबा बावड्यातला लक्ष्मी विलास पॅलेस, म्हणजे महाराजांचं जन्मस्थळ, जरूर करा.

डोंगराकडच्या एका गावात मी एक हौसेने मांडलेला संग्रह बघितला होता. नाव सांगत नाही. सुंदर तांब्या-पितळेची भांडी, लाकडी मापं, दिवे, आणि प्रत्येकाखाली एकच चिठ्ठी: "जुनी वस्तू". कुणाच्या घरातली, कशाला वापरायची, काही नाही. मापात भात मोजत होते की नाचणी, हे सांगणारी पिढी अजून गावातच आहे. त्यांना विचारून चार ओळी लिहून ठेवल्या तर तोच संग्रह दहापट बोलका होईल. आज विचारलं नाही तर उद्या विचारायला कुणी नसेल.

राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलादालन लहानसं आहे, तासाभरात होतं. सिनेमातले चंद्रकांत सगळ्यांना ठाऊक, चित्रकार चंद्रकांत कमी जणांना. त्यांनी आपलं राहतं घर चित्रांसकट सरकारच्या हवाली केलं. ब्रशऐवजी रंगाची पूड कागदावर चोळून केलेली त्यांची पावडर शेडिंगची निसर्गचित्रं जवळून बघा. डोंगरावरचं धुकं या पद्धतीत जसं उतरलंय तसं मी दुसरीकडे बघितलेलं नाही, आणि आमच्याकडे पावसाळ्यात धुकं कसं असतं हे मला चांगलं माहीत आहे.

टाउन हॉल सोमवारी बंद असतो, म्हणून बेत सोमवार सोडून करा. टाउन हॉल आणि राजारामपुरी एका दिवसात आरामात होतात, कणेरीला मात्र वेगळी सकाळ द्या आणि ऊन चढायच्या आत जा. सत्तरीच्या पुढचं, गावात वाढलेलं कुणी घरात असेल तर त्यांच्यासाठी रिक्षा-गाडीची सोय करा, पण त्यांना न्याच. आणि मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून घ्या.