डिजिटल आरोग्य नेतृत्व प्रशिक्षण: आठ महिन्यांनंतरचा अनुभव आणि एक बंद झालेला तक्ता

प्रशिक्षण संपताच मत लिहायचे नाही, शिकलेले प्रत्यक्ष कामात कितपत उतरते ते पाहूनच लिहायचे, असे मी ठरवले होते. मात्र मागच्या महिन्यात, अर्थ विभागाबरोबरची बैठक 2 दिवसांवर आली असताना, मी आमच्या डिजिटल आरोग्य-यंत्रणेच्या खर्चाच्या अंदाजाचा तक्ता उघडायला गेले आणि पडद्यावर ‘आपल्या प्रवेशाची मुदत संपली आहे’ एवढेच वाक्य आले. तक्ता प्रशिक्षण संस्थेच्या संकेतस्थळावरच भरायचा होता, हे खरे. पण त्यातला प्रत्येक आकडा आमच्या विभागाने 3 महिने खपून गोळा केलेला होता.

अभ्यासक्रमाची रूपरेषा माहितीपत्रकात आहेच, म्हणून ती पुन्हा देत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी 2012 मध्ये काढलेल्या राष्ट्रीय ई-आरोग्य धोरणाच्या मार्गदर्शिकेतले 7 घटक हा त्याचा कणा आहे, आणि त्यांत नेतृत्व व प्रशासन हा घटक पहिला का ठेवला आहे हे पहिल्या पंधरवड्यातच नीट कळते. युगांडाच्या आरोग्य मंत्रालयाने 2012 मध्ये नवे मोबाइल-आरोग्य प्रयोग थांबवले, कारण ठिकठिकाणी सुरू झालेल्या प्रयोगांचा एकमेकांशी मेळच नव्हता. त्या निर्णयावर आमची दीड तास चर्चा झाली. इंग्लंडमध्ये 2002 साली सुरू झालेला आणि 2011 मध्ये गुंडाळण्याचे जाहीर झालेला आरोग्य-संगणकीकरणाचा मोठा कार्यक्रम शिकवताना आमच्या मार्गदर्शकांनी एकच प्रश्न लावून धरला: पहिल्या वर्षी कोणत्या कागदावर सही करायला अधिकाऱ्याने नकार द्यायला हवा होता? असे शिकवणारी माणसे सरकारी प्रशिक्षणात क्वचितच भेटतात.

मानकांच्या सत्राबद्दल मात्र मला माझे मत बदलावे लागले. त्यात एफएचआयआर, म्हणजे वेगवेगळ्या संगणक-प्रणालींनी आरोग्याची माहिती एकमेकींना देण्याची ठरलेली पद्धत, आणि आयसीडी-11, म्हणजे आजारांना संकेतांक देणारी जागतिक आरोग्य संघटनेची यादी, हे शिकवले जाते. ‘एफएचआयआर आणि आयसीडी-11 हा विषय संगणक शाखेचा आहे, प्रशासकांचा वेळ त्यात घालवू नये,’ असे मी अभिप्राय-पत्रात लिहिले होते. प्रशिक्षणानंतर तिसऱ्या महिन्यात एका जिल्ह्याचे लसीकरण शंभर टक्क्यांच्या वर गेलेले दिसले. आम्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा एकच केंद्र एका यादीत ‘आरोग्य केंद्र, नवी वसाहत’, दुसरीत ‘नवीन वसाहत आ. केंद्र’ आणि लससाठ्याच्या यादीत गावाच्या जुन्या नावाने निघाले. पहिल्या दोन नावांखाली त्याच बालकांची मोजणी दोनदा झाली होती आणि तिसऱ्या नावामुळे लसीच्या कुप्यांचा हिशोब कुठेच जुळत नव्हता. प्रत्येक केंद्राला एकच कायमचा क्रमांक द्यायचा आणि ती मूळ यादी कोणी सांभाळायची हे आदेशाने ठरवायचे, ही त्या सत्रातली साधी गोष्ट होती, आणि तो आदेश संगणक शाखा काढू शकत नाही, तो आम्हालाच काढावा लागतो. तो अभिप्राय मी आता लेखी मागे घेतला आहे.

आता त्या तक्त्याविषयी. संपूर्ण अभ्यासक्रमात त्याच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही, म्हणूनच माझी तक्रार इतकी तीव्र आहे. पहिल्या वर्षीच्या खरेदीवर न थांबता तो पाचव्या वर्षापर्यंतचा खर्च विचारतो: सर्व्हरचे भाडे, नादुरुस्त टॅबलेट बदलणे, बदली होऊन आलेल्या कर्मचाऱ्यांना पुन्हा शिकवणे, आणि बाहेरचे अनुदान थांबल्यावर हे सगळे कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचे. संस्थेला पत्र लिहिल्यावर 9 दिवसांनी, म्हणजे बैठक होऊन गेल्यावर, उत्तर आले की पुढच्या तुकडीचे शुल्क भरल्यास प्रवेश पुन्हा सुरू होईल. आमचेच आकडे परत मिळवण्यासाठी सार्वजनिक पैसा दुसऱ्यांदा मोजायला मी नकार दिला. करार संपताना पुरवठादाराने माहिती वापरण्याजोग्या स्वरूपात आणि वेगळे पैसे न घेता परत दिली पाहिजे, हे आम्हाला याच अभ्यासक्रमाच्या करारविषयक सत्रात शिकवले गेले होते. ते कलम या संस्थेने स्वतःलाही लावून घ्यायला हवे.

बैठकीआधीच्या 2 रात्री एका सहकाऱ्यासोबत बसून, छापील मसुद्यांवरून आम्ही तक्ता नव्याने उभा केला. प्रत्येक सूत्र स्वतः मांडावे लागल्यामुळे एक चूक हाती लागली: पुनर्प्रशिक्षणाचा खर्च मूळ तक्त्यात एकदाच धरला होता, प्रत्यक्षात आमच्याकडे दर 3 वर्षांनी बदल्या होतात. आम्ही तो चौथ्या वर्षी पुन्हा धरला. बैठकीत अर्थ विभागाच्या सचिवांनी पहिल्या 3 वर्षांवर एकही प्रश्न विचारला नाही; त्यांनी चौथ्या वर्षाच्या रकान्यावर बोट ठेवले आणि विचारले, ‘हे पैसे कोण देणार?’ उत्तर आमच्याकडे तयार होते.

जे अधिकारी नाव नोंदवणार आहेत त्यांनी प्रवेशाची मुदत आणि आकडे उतरवून घेण्याची सोय या दोन्ही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात आणि पहिल्या दिवसापासून प्रत विभागाच्या संगणकावर ठेवावी. शिकवण्याला मी 5 पैकी साडेचार गुण देते, संस्थेच्या व्यवहाराला 2. पुढच्या तुकडीसाठी दोन सहकाऱ्यांची नावे माझ्याकडे तयार आहेत. मुदतीची अट बदलावी असे पत्र संस्थेला गेले आहे, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत ती नावे मी पाठवणार नाही.