जुन्या जीपला लॉकिंग हब की फ्लँज?

सीजे-३बी ही जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घेतलेल्या मावसभावाला हाच प्रश्न पडलाय. दोन्ही पुढच्या चाकाच्या मधोमध बसतात आणि चाक शाफ्टला, म्हणजे ताकद आणणाऱ्या दांड्याला, जोडतात. लॉकिंग हबला हाताने फिरवायची डायल असते, तिने चाक शाफ्टला जोडायचं (लॉक) किंवा मोकळं करायचं. फ्लँज म्हणजे कायम जोडलेली सहा बोल्टांची लोखंडी चकती. आत हलणारं काहीच नाही, म्हणून स्वस्त आणि टिकाऊ. पण टू-व्हील ड्राइव्हमध्येही, म्हणजे फक्त मागची चाकं ओढत असताना, पुढचे शाफ्ट आणि डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारे गिअर) फिरतच राहतात, त्याची घरघर डांबरीवर स्टिअरिंगपर्यंत येते. हब मोकळे ठेवले की ती थांबते. डिझेल-पेट्रोल वाचतं ते थोडंच, तेवढ्यासाठी पैसे घालू नकोस.

हबची खरी परीक्षा चिखलात. खाली उतरून, बोटांनी गाळ पुसून दोन्ही डायल फिरवायच्या. एक जरी मोकळी राहिली, तर पुढची चाकं ओढतच नाहीत. पाणी शिरलं तर डायल जाम होते.

रोज शेतातून, ओढ्यातून जाणार असशील तर फ्लँजच ठेव. लांबचा हायवे आणि कधीतरी कच्चा घाट असेल तर हब घे, पण महिन्यातून एकदा लॉक करून गाडी थोडी चालव, म्हणजे डिफरन्शियलच्या गिअरना ऑइल पोचेल.