बॅटरी विकायची घाई नसलेला बॅटरीवाला (पारोळा, अंमळनेर रस्ता)

पाटी उन्हानं पांढरी पडलेली, वाचता येत नाही. विचारायचं तर ‘वायरिंगवाले भाऊ कुठे बसतात’ असं विचारा, रसवंतीवालाही सांगेल. पत्र्याचं शेड, समोर लिंबाचं झाड, झाडाखाली दोन-तीन गाड्या बोनेट उघडून उभ्या. जुनी गाडी असेल आणि सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) त्रास देत असेल तर इथे जावं, असं मी म्हणेन. का, ते जरा सविस्तर लिहितो.

माझी पिकअप 2008 ची, डिझेल. भेंडी-मिरची भरून रात्री धुळ्याच्या मार्केटला जायचं, म्हणजे गाडी पहाटे दोनला चालू व्हायलाच पाहिजे. ती चावी फिरवली की नुसती ‘टक’ करून गप्प बसायची. कधी दुसऱ्या चावीला लागायची, कधी पोरांना झोपेतून उठवून धक्का मारायला लावायचा. एका ठिकाणी दाखवली, तर गाडीकडे न बघताच बॅटरी गेली म्हणून सांगितलं, सात-साडेसात हजारांचा आकडा काढला. दुसऱ्यानं सेल्फ उतरवून कार्बन, बुश बदलू म्हटलं. दोघांकडेही व्होल्ट मोजायचा मीटर होता, खिळ्याला टांगलेला.

पारोळ्याच्या भाऊंनी आधी मला हेडलाइट लावून चावी मारायला लावली आणि स्वतः पुढे जाऊन उभे राहिले. टक झालं, पण लाइट फारसा मंदावला नाही. बॅटरी खरंच बसली असती तर सेल्फ मारताना लाइट पिवळा पडून विझायला आला असता. मग मीटर लावला. गाडी बंद असताना 12.5 व्होल्ट. भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते, म्हणजे ठीक. चावी मारताना 12.1. मला वाटलं, बरंच आहे की. ते म्हणाले, हाच तर घोळ. सेल्फ एवढा मोठा करंट ओढतो की चांगली बॅटरीसुद्धा त्या वेळी दहा-अकरावर यायला पाहिजे. साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरीवर शंका घ्यायची. इथे ती खाली येतच नाही, म्हणजे करंट सेल्फपर्यंत जातच नाहीये, मधेच कुठेतरी अडतोय.

मग त्यांनी जे केलं ते मी आजवर कुठल्याच गॅरेजमध्ये पाहिलं नव्हतं. मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. मला म्हणाले, मार चावी. मीटरवर पाच व्होल्टच्या वर! तिथे पाव व्होल्टसुद्धा दिसायला नको. त्यांनी मान वर न काढता सांगितलं, “तुनी बॅटरी चांगली शे, भाऊ. अर्थ खराब शे.” अर्थ म्हणजे इंजिनातून करंट बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट. खात्रीसाठी जंपरची एक वायर बॅटरीच्या मायनसवरून थेट इंजिनला लावली. पहिल्याच चावीला गाडी लागली.

गिअरबॉक्सपासून चेसिसला म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जाणारी विणलेल्या तांब्याची अर्थची पट्टी काढली तेव्हा तिच्या निम्म्या तारा तुटलेल्या, उरलेल्या काळ्या पडलेल्या, बोल्टखाली गंज आणि वर ऑइल-मातीचा थर. भाऊंनी विचारलं, अॅक्सिलरेटरची केबल आत्ता बदलली का? बदलली होती, जाम होत होती. ते हसले. इंजिनाचा अर्थ तुटला की करंट परत यायला वाट शोधतो. अॅक्सिलरेटरची, क्लचची केबल, जे लोखंड इंजिनाला आणि बॉडीला जोडलेलं असेल त्यातून जातो. केबल तापते, आतलं प्लास्टिक वितळतं, तार अडकते. केबलच्या पैशांचं दुःख तेव्हा मला नव्यानं झालं.

नवी पट्टी टाकली, पण त्याआधी चेसिसवरची जागा रंग निघेपर्यंत घासली. नाहीतर नवी पट्टीही रंगावरच बसते आणि पहिले पाढे पंचावन्न. बॅटरीच्या खुंटीवरची पांढरी-हिरवी पूड खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानं धुतली, वर ग्रीस लावलं. डायनामोचं चार्जिंग बघितलं, लाइट लावून 14 व्होल्ट, उत्तम. साडेसहाशे रुपये घेतले, पट्टीसकट.

दुसरी तक्रार गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरण्याची. ते काम लवकर झालं. मायनसची वायर काढून मधे मीटर अँपिअरवर लावला आणि मला बजावलं, आता चावीला हात लावायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. बंद गाडी जेमतेम 50 मिलीअँपिअर ओढायला हवी, माझी चारशे ओढत होती. एकेक फ्यूज काढून पाहिला, आकडा हलेना. म्हणजे फ्यूजला वळसा घालून कोणीतरी थेट बॅटरीवरून वायर घेतलीय. टेपचा अँप्लिफायर निघाला, मागच्या मालकाची कृपा.

आता कमी काय ते. वेळेचं नाव काढू नका. ‘अर्ध्या तासात’ म्हणजे दुपार जाते. मधे कोणाचा ट्रॅक्टर आला की भाऊ तिकडे. फोन उचलत नाहीत. बिल मिळत नाही. वायरच्या जोडावर साधी चिकटपट्टी गुंडाळतात. आपल्याकडे मे महिन्यात 45 अंशांत बोनेटखाली तिचा डिंक वितळून पट्टी सुटते. मी सांगून स्लीव्ह, म्हणजे वायरवर चढवायची नळी, टाकून घेतली, तर ‘शहाणा आहे’ अशा नजरेनं बघितलं. सेन्सर, स्कॅनरवाल्या नव्या गाड्या ते हातात घेत नाहीत, धुळ्याला जा म्हणून मोकळे होतात, आणि ते बरंच आहे.

अमावास्येला दुकान बंद. सकाळी दहाच्या आत गेलात तर गर्दी नसते. गाडीत आधी कोणी काय जोडलंय ते आठवून जा, पहिला प्रश्न तोच विचारतात. पाचातले चार तारे. पाचवा ज्या दिवशी अर्ध्या तासाचं काम तासात होईल त्या दिवशी देईन.