८५ एमएम एफ/१.८ : नऊ महिने लग्नातले पोर्ट्रेट काढल्यावर

नऊ महिने झाले, लग्नातले पोर्ट्रेट मी याच एका लेन्सवर काढतोय. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी, सगळं रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये. आता ती कॅमेऱ्यावरून उतरवावीशी वाटत नाही, पण सुरुवातीला तिने चांगलंच रडवलं.

पहिल्या दोन लग्नांत सगळं १.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून काढलं. मागची गर्दी, दिवे, सगळं विरघळलेलं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघून हरखून गेलो. घरी येऊन झूम केलं, तर नवरीची पापणी न् पापणी मोजता येतेय आणि अर्धं पाऊल मागे उभ्या नवऱ्याचा चेहरा पुसट. दोन मीटरवरून १.८ ला जेमतेम ६ सेंटिमीटर खोलीच फोकसमध्ये राहते. छिद्र लहान करून एफ/४ ला आणलं की तीच १३ सेंटिमीटरच्या आसपास जाते. एकटी नवरी असेल तर १.८ खुशाल वापरा, जोडपं असेल तर ४. मागचं तरीही छान मऊ राहतं. चुकलेला फोकस शार्पनिंगने जागेवर येत नाही, हे मी रात्रभर स्लायडर ओढून पाहिलंय.

लहान खोलीत मात्र ही लेन्स नको. डोक्यापासून पायापर्यंत माणूस उभ्या फ्रेममध्ये बसवायला जवळजवळ पाच मीटर मागे जावं लागतं.

एडिटिंगमध्ये माझी खरी चूक प्रीसेटची, म्हणजे रंगांच्या तयार सेटिंगची. अख्ख्या अल्बमला एकच लावायचो, सावल्या निळसर, त्वचा नारिंगी. एका नवरीने अल्बम चाळता चाळता विचारलं, "दादा, माझे कपडे लाल होते ना? इथे विटकरी का दिसतायत?" काय उत्तर देणार? त्या दिवसापासून आधी व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसेल असा रंगांचा तोल), मग त्वचा आणि कपड्यांचा रंग, बाकीची हौस शेवटी. गडद लाल कपड्यांवर लाल चॅनेल सगळ्यात आधी फुटतो, म्हणजे लाल रंग कमाल पातळीला जाऊन त्यातले बारकावे जातात, म्हणून फोटो काढतानाच आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा किती उजळ आहेत ते दाखवणारा आलेख) बघून एक्स्पोजर थोडं खाली ठेवतो. १४ बिट रॉमध्ये दर चॅनेलला १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. त्यामुळे अंधारलेला भाग नंतर सहज उचलता येतो. फुटलेला लाल परत येईलच असं नाही.

प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका पिवळा: खिडकीचा उजेड साधारण ५५०० केल्विन, घरातला पिवळा बल्ब २७०० ते ३००० च्या आसपास. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की एक गाल निळसर, दुसरा पिवळा. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये २०२२ पासून माणूस आपोआप निवडणारा मास्क (फक्त निवडलेल्या भागावर बदल करायची सोय) आहे, तो चांगलाच उपयोगी पडतो. तरी गालागालांतला फरक ब्रशनेच काढावा लागतो. त्यापेक्षा जमेल तिथे बल्ब बंद करून घ्या, तासभर वाचतो.

त्वचेबाबत आता एकच नियम पाळतो: आठवड्यात जाणार असेल ते काढायचं, कायमचं असेल ते ठेवायचं. पुरळ जाते, तीळ राहतो. डोळ्यांखालचा काळेपणा हलका करतो, पुसत नाही.

आणि जांभळ्या एलईडीखालचे चेहरे. तिथे कुठलाच व्हाइट बॅलन्स चालत नाही. असे फोटो मी सरळ ब्लॅक अँड व्हाइट करतो, आणि दर वेळी घरच्यांनी मोठे करून मागितलेत ते तेच.