कोऱ्या खोक्यातला जुना फ्लॅश

डिजिटल कॅमेऱ्यासाठी बाहेरचा फ्लॅश घेताना माझी फसवणूक झाली, आणि ती पकडायला वेळ लागला, कारण विक्रेत्याच्या बहुतेक दाव्यांना कुठेतरी अर्धामुर्धा आधार होता. खोक्यावर ‘टीटीएल’ (लेन्समधून येणारा प्रकाश मोजून फ्लॅशची ताकद आपोआप ठरवण्याची पद्धत) ही अक्षरे होती, गाईड नंबर म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा ५६ असल्याचे लेबल होते, सर्व डिजिटल कॅमेऱ्यांवर चालतो असे छापलेले होते, आणि वस्तू नवी असल्याचे तोंडी सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात तो फिल्म कॅमेऱ्यांच्या काळातला, वापरून झालेला फ्लॅश नव्या खोक्यात घालून विकलेला होता.

माझ्या मते सगळ्यांत लबाडीचा भाग प्रात्यक्षिकाचा होता. विक्रेत्याने फ्लॅश माझ्याच कॅमेऱ्यावर चढवला, एका माणसाला समोर उभे केले, काही बटणे फिरवली आणि एक फोटो काढून दाखवला. फोटो उत्तम आला होता. पुढे घरी टीटीएलवर काढलेले फोटो कधी पांढरेफटक, कधी काळपट येऊ लागले, तेव्हा मी कार्डावर राहिलेल्या त्या फोटोची नोंद उघडून पाहिली: कॅमेरा मॅन्युअलवर (सगळे आकडे हाताने ठरवलेले), आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता १००, अ‍ॅपर्चर एफ/११ (लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान). माणूस साधारण अडीच मीटरवर उभा होता. अंतर आणि अ‍ॅपर्चर यांचा गुणाकार म्हणजे गाईड नंबर, आणि अडीच गुणिले अकरा म्हणजे जवळपास २८. ३५ मिमीच्या झूमवर (झूम म्हणजे फ्लॅशचा प्रकाश किती रुंद पसरवायचा याची जुळवणी) त्या फ्लॅशची पूर्ण ताकद तेवढीच आहे, हे मी नंतर स्वतः तपासले. म्हणजे फ्लॅश पूर्ण ताकदीने उडणार हे विक्रेत्याला ठाऊक होते, आणि तसा उडूनही फोटो बरोबर येईल असे अंतर व अ‍ॅपर्चर त्याने आधीच जुळवून ठेवले होते. टीटीएलचा त्यात काहीही संबंध नव्हता.

फिल्मच्या काळातल्या टीटीएलमध्ये एक्सपोजर चालू असतानाच फिल्मवरून परतणारा प्रकाश कॅमेरा मोजत असे आणि तो पुरेसा झाला की फ्लॅश बंद करत असे. डिजिटल सेन्सरवरून प्रकाश फिल्मसारखा परतत नाही, त्यामुळे आताच्या पद्धतींत मुख्य प्रकाशाआधी फ्लॅश एक बारीक चमक टाकतो आणि कॅमेरा त्यावरून हिशेब करतो. कॅननने अशी पद्धत ई-टीटीएल या नावाने १९९५ मध्ये फिल्म कॅमेऱ्यांतच आणली होती, तर निकॉनची आय-टीटीएल २००३ मध्ये आली. जुन्या टीटीएल फ्लॅशला ही नवी भाषा कळत नाही. माझा फ्लॅश तर कॅमेऱ्याकडून थांबण्याचा इशाराच न मिळाल्याने दर वेळी सगळी ताकद सोडत होता. म्हणून केवळ टीटीएल आहे का असे विचारू नये, तर आपल्या कॅमेऱ्याच्या मॉडेलचे नाव घेऊन त्याच्या पद्धतीबद्दल विचारावे.

ही तपासणी दुकानातच सहज करता येते. कॅमेरा मॅन्युअलवर आणि फ्लॅश टीटीएलवर ठेवून, आयएसओ न बदलता, दोन-तीन मीटरवरच्या त्याच वस्तूचा एक फोटो एफ/४ वर आणि एक एफ/८ वर काढावा. टीटीएल खरोखर चालत असेल तर दोन्ही फोटोंचा उजेड जवळपास सारखा येतो, कारण अ‍ॅपर्चर लहान झाले की फ्लॅश जास्त प्रकाश देतो. माझ्या फ्लॅशवर दुसरा फोटो पहिल्यापेक्षा स्पष्टपणे गडद आला. बटणे मात्र आपण स्वतः फिरवावीत.

आता त्या ५६ विषयी. त्या मॉडेलची मूळ माहितीपुस्तिका मी नंतर मिळवली. तिच्यात आयएसओ १०० आणि ८५ मिमीच्या झूमवर गाईड नंबर ४० दिलेला आहे. आयएसओ दुप्पट केला की गाईड नंबर सुमारे १.४ पट होतो, म्हणून आयएसओ २०० धरला की ४० चे ५६ होतात. आकडा खोटा नाही, पण कोणत्या आयएसओचा आणि कोणत्या झूमचा हे लेबलावर नव्हते. ३५ मिमीला मला मिळालेला २८ हा लेबलावरच्या ५६ च्या निम्मा आहे, आणि गाईड नंबर निम्मा म्हणजे प्रकाश पाव. छतावरून प्रकाश परतवून फोटो काढायचे असतील तर ही तूट फार जाणवते. काही ठिकाणी आकडा फुटांत दिलेला असतो, तो मीटरच्या ३.२८ पट मोठा दिसतो, हेही लक्षात ठेवावे.

वस्तू जुनी असल्याच्या खुणा उजेडात पाहिल्यावर दिसल्या. पुढची प्लास्टिकची भिंग-पट्टी पिवळसर झालेली होती, सेलच्या कप्प्यातल्या पट्ट्या घासून स्वच्छ केलेल्या असल्या तरी कोपऱ्यात गळलेल्या सेलची हिरवट पूड राहिली होती, आणि खोक्यावरचा क्रमांक फ्लॅशवरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. पहिल्यांदा चार्ज व्हायला त्याने फार वेळ घेतला, जे बरेच दिवस न वापरलेल्या कॅपॅसिटरचे, म्हणजे वीज साठवणाऱ्या आतल्या भागाचे, लक्षण आहे. अशा शंकेपोटी कुणीही फ्लॅश उघडून पाहू नये. आतल्या कॅपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट असतात आणि सेल काढल्यावरही ते टिकून राहतात.

जुन्या फ्लॅशचा आणखी गंभीर धोका ट्रिगर व्होल्टेजचा, म्हणजे फ्लॅश उडवणाऱ्या संपर्कातून कॅमेऱ्यापर्यंत पोहोचणाऱ्या व्होल्टेजचा आहे. माझ्या कॅमेऱ्याला इजा झाली नाही, पण व्हिव्हिटार २८३ या जुन्या मॉडेलच्या सुरुवातीच्या फ्लॅशमध्ये हे व्होल्टेज २०० च्या वर आढळते, तर आयएसओ १०३३० या आंतरराष्ट्रीय मानकात (वरच्या संवेदनशीलतेच्या आकड्याशी याचा संबंध नाही) मर्यादा २४ व्होल्टची आहे. फ्लॅश चार्ज होऊन तयारीचा दिवा लागल्यावर, तो कॅमेऱ्यावर न लावता, मल्टीमीटरने तळाचा मधला संपर्क आणि बाजूची पट्टी यांच्यामधले डीसी व्होल्टेज मोजावे आणि ते आपल्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून पाहावे.

‘सर्व कॅमेऱ्यांवर चालतो’ हे विधान तर कोणत्याही फ्लॅशबद्दल खरे नसते. कॅननच्या २०००डी, ४०००डी आणि २५०डी या कॅमेऱ्यांच्या हॉट शूमध्ये, म्हणजे फ्लॅश बसवण्याच्या वरच्या खाचेत, मधला संपर्कच नाही, त्यामुळे केवळ त्या एका संपर्कावर चालणारे फ्लॅश त्यांच्यावर बसतात, पण उडत नाहीत. सोनीने २०१२ मध्ये आपल्या कॅमेऱ्यांच्या शूची रचनाच बदलली.

फ्लॅश परत न्यायला गेलो तेव्हा विक्रेत्याने चाचणीचे बटण दाबले, फ्लॅश उडाला, आणि वस्तूत दोष नाही असे सांगून त्याने विषय संपवला. पावतीवर फक्त ‘कॅमेरा फ्लॅश’ असे लिहिलेले होते. मॉडेल, क्रमांक, नवा की वापरलेला, यांपैकी काहीही नव्हते, त्यामुळे वाद घालायला माझ्या हातात कागद उरला नाही. फ्लॅश घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी या तीन गोष्टी आणि ‘अमुक मॉडेलच्या कॅमेऱ्यावर टीटीएलसह चालतो’ हे वाक्य पावतीवर लिहून मागावे. विक्रेता ते लिहायला तयार नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा.